बेटांवरचा बेत

'बेट' आणि 'बेत' या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक. परंतु बेटावर जाण्याचा बेत करायला बसले, तेव्हा हे दोन शब्द एकमेकांशी किती भांडतात याचा अनुभव मला आला. बेत म्हणजे सारे आधी ठरवणे; आणि बेट म्हणजे जिथे वारा, पाणी आणि बोट यांच्यापुढे आपल्या ठरवण्याला फारशी किंमत नाही अशी जागा. तरीही बेत करावा लागतोच. तो कसा करावा, हे आमच्या घरच्या अनुभवावरून सांगण्याचा हा प्रयत्न आहे. भूगोल हा माझा विषय असल्यामुळे थोडा भूगोल वाटेत येईल. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

गेल्या वर्षी अण्णा एस.टी.तून निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रवासाची वेळापत्रके सांभाळली, स्वतः मात्र पंढरपूर आणि आईच्या माहेरचे देवगड यापलीकडे गेले नाहीत. निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर त्यांनी आजोबांना विचारले, "दादा, कुठे जायचे मनात आहे का तुमच्या?" एक्याऐंशी वर्षांच्या आजोबांनी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "अंदमान. ती कोठडी एकदा डोळ्यांनी बघायची आहे." शाळेत असताना त्यांनी 'माझी जन्मठेप' वाचले होते, ते त्यांच्या मनातून कधी गेले नव्हते.

झाले! दिवाळीच्या सुटीत फराळाच्या डब्यांशेजारी माझा नकाशासंग्रह उघडला गेला, आणि बेताची सूत्रे माझ्याकडे आली.

कोठे आणि केव्हा

नकाशात अंदमान-निकोबार म्हणजे बंगालच्या उपसागरात सांडलेले चार शितकण वाटतात. प्रत्यक्षात ही माळ उत्तर-दक्षिण सातशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे. लहानमोठी बेटे आणि खडक मिळून सरकारी मोजणी ८३६ची. त्यांपैकी मनुष्यवस्ती असलेली सुमारे ३१. सगळ्यांचे मिळून क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. ही बेटे म्हणजे ब्रह्मदेशातील अराकान योमा या पर्वतरांगेचा समुद्रात बुडालेला भाग. जी शिखरे पाण्यावर राहिली त्यांना आपण बेटे म्हणतो. या रांगेच्या पश्चिमेला समुद्रतळाशी भारताचा भूपट्ट पूर्वेकडच्या भूपट्टाखाली सरकत असतो. म्हणूनच भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, बॅरन बेट, इथेच आहे. आणि म्हणूनच २६ डिसेंबर २००४चा भूकंप व त्सुनामी इथल्या लोकांना भोगावी लागली. त्या एका दिवशी निकोबारच्या दक्षिण टोकाचा इंदिरा पॉइंट सुमारे सव्वाचार मीटर खचला.

एवढी मोठी माळ आठ-नऊ दिवसांत कोणालाच पाहून होत नाही. मग पहिली वजाबाकी केली. दहा अंश खाडीच्या दक्षिणेचे निकोबार सामान्य प्रवाशाला खुले नाही, ते वगळले. उत्तर अंदमान लांब पडते. आजोबांचे गुडघे पाहता तेही वगळले. उरली ती दक्षिण अंदमानातील राजधानी आणि तिच्या ईशान्येची दोन बेटे. इथे नावांचा घोळ होतो म्हणून सांगते. राजधानीचे पोर्ट ब्लेअर हे नाव २०२४ साली बदलून श्री विजयपुरम् झाले. त्याआधी २०१८ साली हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले होते. तिकिटावर एक नाव, लोकांच्या तोंडी दुसरे. दोन्ही लिहून ठेवावीत.

आता 'केव्हा' हा प्रश्न. अण्णांचे म्हणणे, "मे महिन्यात जाऊ, तुझी परीक्षा संपलेली असेल." मी म्हणाले, "अण्णा, आपण ज्या मोसमी पावसाची जूनमध्ये वाट बघतो, तो मेच्या तिसऱ्या आठवड्यातच अंदमानात उतरतो." वर्तमानपत्रात दरवर्षी 'मान्सून अंदमानात दाखल' अशी बातमी येते, ती आपण आनंदाने वाचतो, तिथे सुटीवर गेलेल्या माणसाला मात्र ती आनंदाची नसते. नैर्ऋत्येचा पाऊस सरला की ईशान्येचा येतो, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे उपसागरातील चक्रीवादळांचे दिवस. डिसेंबर २०१६मध्ये अशाच वादळी हवेमुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक प्रवासी अडकले, आणि नौदलाच्या जहाजांनी त्यांना सोडवून आणले. म्हणजे निवांत समुद्राचे महिने उरतात ते जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. त्यातही एप्रिल म्हणजे उकाडा आणि गोड्या पाण्याची ओढाताण. चहूकडे पाणी असलेल्या बेटावर पिण्याचे पाणी पावसावर आणि छोट्या धरणांवरच अवलंबून असते, हे आपण दुष्काळी भागातल्या माणसांनी तरी समजून घ्यावे. शेवटी फेब्रुवारी ठरला.

घड्याळ आणि पंचांग

बेत करताना लोक एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे सूर्य. भारताची प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशावरून ठरते. अंदमानची राजधानी साधारण ९२.७ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तिथला सूर्य घड्याळाच्या सुमारे ४० मिनिटे पुढे चालतो. आपले सोलापूर ७६ अंशांच्या जवळपास, म्हणजे १७ अंशांचा फरक. तेव्हा अंदमानात सूर्य आपल्यापेक्षा एक तास आठ मिनिटे आधी उगवतो आणि सर्वसाधारण तितकाच आधी मावळतो. फेब्रुवारीत तिथे पावणेसहाला उजाडते आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. ज्यांचा दिवस नऊला सुरू होतो त्यांचा निम्मा दिवस तिथे हॉटेलातच जातो. 'चार वाजता समुद्रावर जाऊ' हे आपल्याकडचे वेळापत्रक तिथे चालत नाही. सारे पहाटे पाचपासून मांडावे लागते. आजोबांना यात काहीच अडचण नव्हती. अडचण होती ती माझी.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटी. ती मी पुस्तक उघडून समजावून सांगू लागले, तर आई पुऱ्या लाटता लाटता म्हणाली, "त्यात पुस्तक कशाला हवं? अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. देवगडला शेंबडं पोर सांगेल." खरेच आहे. चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. ते काटकोनात ओढतात तेव्हा चढउतार बेताचा. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हे शास्त्र तिथे फार कामाला येते. नील बेटावर लक्ष्मणपूरला खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. तिच्याजवळ जायचे तर ओहोटी हवी, कारण वाट पाण्याखालच्या खडकांतून आहे. उलट काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहायचा तर होडीखाली पुरेसे पाणी हवे. आईने भिंतीवरची दिनदर्शिका काढली, तिथी पाहिल्या आणि नील बेटाचे दिवस तिने ठरवले. आमच्या बेतातला हा एकमेव भाग ज्यात पुढे काहीच बदलावे लागले नाही.

प्रवाळाविषयी दोन शब्द. प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो अतिशय लहान प्राण्यांचा समूह. ते चुन्याची घरे बांधतात आणि त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल उन्हावर अन्न तयार करते, प्राणी त्याला आसरा देतात. असा हा एकत्र कुटुंबाचा संसार. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंश-दीड अंशाने काही आठवडे तापून राहिले की हे कुटुंब मोडते. शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरा पडतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी अंदमानात हे घडले. तेव्हा पाण्याखाली रंगीबेरंगी बागच दिसेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये. बागेतला काही भाग उजाड झालेला आहे. जो जिवंत आहे त्यावर पाय देऊ नये, आणि किनाऱ्यावर पडलेला तुकडाही खिशात घालू नये. कायद्याने तो गुन्हा आहे.

आजोबांचा जिना

आता मुख्य गोष्ट. आम्ही जात होतो ते आजोबांसाठी, आणि आजोबा जात होते ते सेल्युलर जेलसाठी. तेव्हा मी पहिला नियम केला: ज्यासाठी जायचे ते पहिल्याच सकाळी. थकवा, ताप, वादळ हे सारे नंतर येऊ दे.

१८५७च्या उठावातील सुमारे दोनशे कैद्यांना घेऊन पहिले जहाज १० मार्च १८५८ रोजी तिथे लागले, आणि 'काळे पाणी' हा शब्द आपल्या घराघरांत शिरला. तुरुंगाची इमारत पुढची. तिचे काम १८९६ला सुरू होऊन १९०६ला पुरे झाले. मध्ये एक मनोरा आणि त्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली ओळी. कोठड्या सुमारे ७००. प्रत्येकीत एकच माणूस, म्हणून नाव 'सेल्युलर'. एका ओळीचे दरवाजे पुढच्या ओळीच्या पाठीकडे उघडतात, त्यामुळे एका कैद्याला दुसऱ्याचे तोंड दिसत नसे. मला ही रचना वाचून जितकी भीती वाटली तितकी कोलूचे वर्णन वाचूनही वाटली नव्हती. आज सातांपैकी तीनच ओळी उभ्या आहेत. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली. इथे बंगालचे, पंजाबचे, महाराष्ट्राचे क्रांतिकारक होते. बंगालचे सर्वांत अधिक. आपण मराठी माणसे तिथे जाऊन एकच नाव शोधतो. पण भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या सावकाश वाचाव्यात.

विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी तिथे पोहोचले. थोरले बंधू बाबाराव आधीच तिथे होते. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. बेत करताना माझ्या हातून चूक झाली ती इथेच. बोटी, तिथी, सूर्योदय साऱ्यांचा हिशेब मी केला, जिन्याचा केला नाही.

सकाळी आम्ही आत गेलो. आजोबा आवारातल्या जुन्या झाडाखाली थोडे थांबले, मग काठी टेकत जिन्यापाशी आले. पहिल्या टप्प्याच्या मध्यावर ते थांबले. अण्णांनी हात पुढे केला. आजोबा म्हणाले, "नको रे. वर गेलो तर उतरता येणार नाही." मग माझ्याकडे वळून, "तू जाऊन ये. आणि नीट बघून मला सांग."

मी गेले. कोठडी बघितली. मागच्या भिंतीत उंचावर एक लहानशी जाळी, तेवढाच उजेड. आत उभी राहून पावले मोजली. खाली आल्यावर आजोबांनी एकेक विचारले. दार कोणीकडे? खिडकीतून काय दिसते? भिंत हाताला कशी लागते? मी सांगत गेले. "खिडकीतून काहीच दिसत नाही, आजोबा. फार उंच आहे," म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, जणू एवढेच त्यांना पडताळून घ्यायचे होते. परतताना ते जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: नकाशाबरोबर जिनेही मोजा.

कोऱ्या जागा

बेत चालू असताना मामा आला होता. त्याने एका सहल कंपनीचे रंगीत पत्रक आणले होते. पाच रात्री, सहा दिवस; प्रत्येक तास भरलेला. त्यात बाराटांगची चुनखडीची गुहा होती. मामा म्हणाला, "गुहा जाऊ दे गं, वाटेत जारवा दिसतात म्हणे! अगदी आदिमानव. ते आधी लिही."

मी लिहिले. आणि मग वाचायला बसले.

इंग्रजांनी १८५८ साली वसाहत केली तेव्हा ग्रेट अंदमानी नावाच्या जमातींचे काही हजार लोक तिथे राहत होते. बाहेरच्या माणसांबरोबर गोवर आला, इतर रोग आले, दारू आली. २०११च्या जनगणनेत ते ४४ उरले होते. त्यांच्यातली 'बो' भाषा बोलणारी शेवटची स्त्री, बोआ सीनियर, जानेवारी २०१०मध्ये वारली, आणि ती भाषा कोणाशी बोलण्याची सोय संपली. भाषेचा विद्यार्थी असो वा नसो, कला शाखेतल्या कोणालाही ही ओळ वाचून पुढे जाता येऊ नये.

जारवा मात्र जंगलात दूर राहिले, आणि बहुधा दूर राहिले म्हणूनच टिकले. १९९७च्या सुमारास ते आपण होऊन बाहेर येऊ लागले. १९९९ साली त्यांच्यात गोवराची साथ आली. २०११मध्ये त्यांची संख्या ३८० होती, म्हणजे आमच्या महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांहूनही कमी. १९५६च्या विनियमाने त्यांचे क्षेत्र राखीव आहे. परंतु त्या राखीव जंगलातूनच अंदमानचा महामार्ग जातो. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथला भाग बंद करण्याचा आदेश दिला, तरी वाहतूक चालूच राहिली. गाड्यांचे तांडे पोलिसांबरोबर सोडतात. थांबायचे नाही, छायाचित्र काढायचे नाही, खायला काही द्यायचे नाही, असे नियम आहेत. तरीही २०१२ साली, खाऊच्या बदल्यात जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गेली. त्याच माळेतल्या उत्तर सेंटिनल बेटाच्या लोकांना तर कोणीच यायला नको आहे. २०१८ साली कायदा मोडून तिथे उतरलेल्या एका अमेरिकन तरुणाला त्यात प्राण गमवावा लागला.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की मध्य आणि उत्तर अंदमानात राहणाऱ्यांना तो रस्ता दवाखान्यासाठी, बाजारासाठी लागतो. त्यांची गरज आणि आमची हौस एक नव्हे.

हे सारे मी रात्री जेवताना वाचून दाखवले. मामा म्हणाला, "तू एकटी न गेल्याने काय रस्ता बंद होणार आहे?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर आजोबांनी दिले. "अरे, जे कोंडले गेले होते त्यांची जागा बघायला आपण चाललो आहोत. आणि जाता जाता, जे मोकळे आहेत त्यांना गाडीच्या काचेतून बघून यायचं? मला नाही पटत." अण्णांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि बाराटांगच्या दिवसावर रेघ मारली. मामाने आणखी काही सुचवले नाही. पत्रकाची घडी करून खिशात ठेवले.

त्यामुळे बेतात एक दिवस कोरा पडला. तो भरायचा कसा यावर चर्चा झाली. अण्णा म्हणाले, "कोराच राहू दे. एस.टी.तसुद्धा एक गाडी राखीव ठेवावी लागते." तो दिवस त्यांनी परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी नेऊन ठेवला.

या कोऱ्या दिवसाचीच पुढे किंमत कळली. हॅवलॉकचे राधानगर, तिथली पांढरी वाळू आणि उंच झाडांची भिंत पाहून आम्ही नीलला आलो. परतायच्या सकाळी धक्क्यावर गेलो, तर वारा सुटलेला आणि बोट रद्द! आमच्या शेजारचे एक कुटुंब रडकुंडीला आले. त्यांचे विमान त्याच दुपारी होते. आम्ही मात्र सामान घेऊन परत फिरलो. कोरा दिवस तीन दिवस आधीच खर्च झाला, एवढेच.

तो दिवस आम्ही काहीही न पाहता घालवला. नील हे भाजीपाल्याचे बेट; फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी जंगल तोडून इथे शेती केली. गावांची नावे सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर अशी रामायणातली. आमच्या खोलीशेजारी एका वृद्ध शेतकऱ्याचा वांग्याचा मळा होता. आजोबा आणि ते बांधावर बसून मोडक्या हिंदीत दुपारभर बोलत होते. संध्याकाळी आजोबा मला म्हणाले, "याचा बाप सहा महिन्यांचं पोर घेऊन जहाजातून उतरला. तेव्हा या बेटावर एक झोपडी नव्हती. आणि आपण बोट चुकली म्हणून तोंड पाडून बसलो होतो!" आईने त्या मळ्यातली वांगी मागून घेतली आणि खानावळीच्या चुलीवर स्वतः भरली.

वाचकहो, तुम्हीही कधी अशा बेटांवर जाल. जानेवारीनंतर जा, मेच्या आत परता. दिवस पहाटे सुरू करा. तिथी पाहून समुद्रावर जा. ज्या किनाऱ्यावर मगरीची पाटी असेल तिथे पाण्यात उतरू नका. ज्यासाठी चालला आहात ते पहिल्या दिवशी, आणि परतीच्या आधी एक दिवस कोरा ठेवा. आणि यादी पूर्ण झाली की पेन्सिल घेऊन पुन्हा एकदा तिच्यावरून जा. कुठे जायचे नाही तेही ठरवा.

माझी ती वही अजून आहे. बाराटांगवरच्या रेघेशेजारी आजोबांनी परत आल्यावर थरथरत्या अक्षरात तारीख घातली आहे, आणि खाली लिहिले आहे: 'नील. बोट नाही. वांगी.'